हरणाच्या तोंडातली डहाळी

शनिवार, १८ ऑक्टोबर २०१४, स्टुटगार्ट

ती डहाळी टेबलावर पडलीय. फेकायला हात धजत नाही.

आमचे घरमालक ब्राउन शिकार करतात. बारीक नळीच्या बंदुकीची एकच गोळी हरणाला पुरेल का, असं त्यांनी परवा विचारलं. मी इंजिनियर ना! वजन आणि वेग घेऊन ऊर्जा काढली आणि छातीठोकपणे सांगितलं, "गेनाऊ, अगदी बरोबर, आरामात पुरेल."

आज त्यांच्याबरोबर जंगलात गेलो. गोळी लागली, तरी हरीण पळालं. रक्ताचा माग काढत गेलो, तेव्हा तासाभराने सापडलं, मेलेलं. मारलेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून हिरवी डहाळी ठेवायची, ही इथली रीत. ब्राउननी डहाळी तोडली, वाकले आणि तसेच थांबले.

हरणाच्या दातांत आधीच एक डहाळी होती.

चरताना गोळी लागली असणार, कळतं मला. पण एवढं धावताना ती सोडली कशी नाही?

ब्राउननी हातातली डहाळी माझ्यापुढे धरली. "मारणाऱ्यालाही एक देतात."

"पण गोळी तुम्ही झाडलीत."

"आल्झो, असं बघा," ते शांतपणे म्हणाले, "गणित तुमचं होतं."