यंदा गाईंना फुलं नाहीत

वेर्नटाल,
सोमवार, ४ ऑगस्ट १९८६

चि. क्विरिन यास,

अ. उ. आ. आशीर्वाद घे आणि लगेच दाढी कर. काल खाली उतरताना ग्राझच्या एका चिमुरडीनं मला विचारलं, की कुरणावरचे ते आजोबा हिवाळ्यातही तिथंच राहतात का. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तेही बिनलग्नाचा, आजोबा झालास. अभिनंदन!

कालचा दिवस मात्र तू सोन्यासारखा केलास. सहलीची अकरा कुटुंबं घेऊन वर येते म्हटल्यावर तुझं तोंड एवढंसं झालं होतं, पण मुलांनी लोणी घुसळायला घेतल्यावर सगळ्यांत जास्त खिदळत होतास तो तूच. चीजचे वडे घातलेलं सूप लोकांनी दोनदा मागून घेतलं. श्मार्नचं गोड धिरडं कढईत फोडताना तू जी साखर उधळलीस ती पोरांच्या केसांत अजून आहे. हिमनदीही दिसली, ढग मध्ये आला नाही. आता सगळे म्हणताहेत की गाई खाली उतरतील तेव्हा पुन्हा येतो. वीस सप्टेंबरच्या शनिवारसाठी माझ्याकडं दोन बसगाड्या भरल्यासुद्धा. पत्रकावर फुलांचा मुकुट घातलेली गाय छापली आहे. मुकुटांची कागदी फुलं मी आणि शेजारची आफ्राबाई माझ्या स्वयंपाकघरात बसून करतो आहोत. लिंडे वर रमली का, असं ती रोज विचारते. नवरा गेल्यापासून त्या एका कालवडीवर तिचा किती जीव आहे ते तुला ठाऊकच आहे.

सामानाच्या तारेवरच्या पाळण्यातून लोकरीचे मोजे पाठवते आहे. पायांत घाल, चीज गाळायला घेऊ नकोस.

लोभ वाढव, दाढी नको.
तुझी,
बुर्गीताई


लार्खबोडन कुरण,
मंगळवार, ५ ऑगस्ट

ती. बुर्गीताईस,

सा. न. वि. वि. पत्र आणि मोजे पोचले. तुझी थट्टा वाचून हसू आलं नाही, रागावू नकोस.

लिंडे गेली. काल सकाळी गुरं मोजताना एक कमी भरलं. वरच्या कुरणाचं फाटक सताड उघडं होतं, आणि ती कड्याखालच्या घळीत पडलेली. मान मोडली होती. बिचारीच्या गळ्यात घंटा तशीच होती.

फाटक मी लावलं होतं, ताई. रविवारी तुम्ही यायच्या आधी मी कडी अडकवली आणि साखळी दोनदा ओढून बघितली. लख्ख आठवतंय मला. संध्याकाळची फेरी तेवढी राहिली, भांडी घासण्यात उजेड सरला. पण लावलेलं फाटक आपोआप कसं उघडेल? बाबाही असंच शपथेवर सांगायचे ना, की धारा काढून झाल्या, आणि आई गोठ्यात जाऊन बघायची तर गाई तशाच हंबरत उभ्या. तेव्हा तेही पन्नाशीला टेकलेले होते. पुढं तीन वर्षांत त्यांना आपली दोघांची नावं आठवेनात. कालपासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

तरी एकदा विचारतो. हिमनदी बघायला तुम्ही सगळे खालच्याच वाटेनं गेला होतात ना? वरच्या फाटकाशी कुणी गेलं नव्हतं ना? कुणी गेलं असेल तर बरं होईल. म्हणजे बरं नाही, पण निदान माझं डोकं ठिकाणावर आहे असं तरी म्हणता येईल.

गुरं सोडून मला खाली येता येत नाही. आफ्राबाईला तूच सांग, इतर कुणाकडून कळायच्या आत, आणि माझं नाव घेऊन सांग. तिला तोंड दाखवायची मला लाज वाटते. मुकुटांचं कामही थांबवा. उन्हाळ्यात जनावर दगावलं की कळप बिनफुलांचा, मुक्यानं उतरतो, हे तुला मी काय सांगायचं.

आहे तो लोभ तेवढा राहू दे.
तुझा,
क्विरिन


वेर्नटाल,
शनिवार, ९ ऑगस्ट

चि. क्विरिन यास,

अ. उ. आ. आफ्राबाईला सांगितलं. हातातलं कागदी फूल तिनं खाली ठेवलं, ॲप्रनला हात पुसले. मग म्हणाली, एकवीस उन्हाळे त्यानं एक फाटक उघडं टाकलं नाही, बिचारा बापाच्या वाटेनं निघाला की काय. मी गप्प राहिले.

तू विचारलंस त्याचं उत्तर: आम्ही सगळे खालच्याच वाटेनं गेलो. आता डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. गुरं उतरली की इन्सब्रुकला चांगल्या डॉक्टरांना दाखवू. हल्ली औषधं निघाली आहेत म्हणे.

मुकुटांचं मात्र शांतपणे वाच. चौतीस जनावरांतली एक कालवड गेली, दुभती गाय नव्हे. दोन बसगाड्या भरून लोक येणार, निम्मी लहान मुलं. फुलांशिवाय उतरलेल्या कळपाचा अर्थ त्यांच्यापैकी एकाला तरी कळणार आहे का? त्यांना वाटेल बुर्गीनं फसवलं. निदान पुढच्या तीन गाईंना तरी फुलं घाल. मी काय मागते आहे ते मला कळतंय, तरी मागते आहे.

तब्येतीला जप. ताईवर राग धरू नकोस.
तुझी,
बुर्गीताई


लार्खबोडन,
रविवार, २४ ऑगस्ट

ती. बुर्गीताईस,

सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. फुलं घालणार नाही. तुझ्या दहा बसगाड्या आल्या तरी नाही. पाहुण्यांना कळणार नाही हे खरं, पण रस्त्याच्या कडेला आफ्राबाई उभी असेल.

हल्ली मी प्रत्येक फाटक लावलं की झोपडीच्या दारावर खडूनं रेघ मारतो. मग रेघ खरी की खोटी ते बघायला पुन्हा चढून जातो. दिवसातून दहा-दहा वेळा. गुरुवारी चीज कढईत असताना असाच धावलो आणि अख्खं दूध लागलं. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. आफ्राबाईला माझी तांबडी कालवड द्यायचं ठरवलं आहे. कुरण मंडळाच्या एगिडलाही निरोप धाडला की पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा. तो स्वतः चढून आला, ताक प्याला, माझ्या दारावरच्या रेघा बघितल्या आणि बरं म्हणाला. थोडी तरी हुज्जत घालेल असं वाटलं होतं.

तुझ्यावर राग कशाला धरू? एकच सांगून ठेवतो. बाबांना आपण खुर्चीत भिंतीकडं तोंड करून बसवायचो, उजेडाचा त्रास होतो म्हणून. माझी वेळ आली की मला डोंगराकडं तोंड करून बसव.

मला आठवतंय तोवर लोभ असू दे.
तुझा,
क्विरिन


वेर्नटाल,
रविवार, ३१ ऑगस्ट

क्विरिन,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

फाटक मी उघडलं होतं. खालच्या वाटेवर झाडं आडवी येत होती आणि लिंझच्या त्या कुटुंबाला पोरींचा फोटो अख्ख्या हिमनदीसकट हवा होता. तू सूपाची भांडी घासत होतास. चौघांना घेऊन मी वर गेले. परत येताना धाकटी चालेना, म्हणून तिला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात ब्लूबेरीचा डबा. बाकीच्यांना म्हटलं, चला पुढं, कडी मी नंतर येऊन लावते. खाली आले तर श्मार्न गरम होता आणि सगळे हाका मारत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुझ्यापुढं उभी राहू शकले असते. पण गावाकडं उतरताना अर्ध्या वाटेवर मला आठवलं, क्विरिन. परत चढायचं तर तासभर लागला असता. मी मनाशी म्हटलं, तो संध्याकाळी फेरी मारतोच. आणि आमच्याच भांड्यांपायी तुझी फेरी राहिली.

तुझं पत्र आलं तेव्हा आफ्राबाई माझ्यासमोर बसून फुलं करत होती. खानावळीतले लोक आधीच म्हणतात की बुर्गी कुरण विकून खाते. तू दोष आपणहून अंगावर घेतलास, आणि मी तो घेऊ दिला. बाबांचं नाव तू काढलंस तरी मी तुला डॉक्टरांचं लिहिलं. ते वाक्य लिहिताना मी काय करते आहे हे मला पुरतं ठाऊक होतं. शरम या शब्दाचा अर्थ मला बावन्नाव्या वर्षी कळला.

तुझं डोकं ठणठणीत आहे. फाटक तू लावलं होतंस. आफ्राबाईला आणि एगिडला अजून सांगितलेलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले.

लोभ कुठल्या तोंडानं मागू?
बुर्गी


लार्खबोडन,
गुरुवार, ४ सप्टेंबर

ताईस,

पत्र डोणीपाशी उभं राहून तीनदा वाचलं. आधी मोठ्यानं हसलो, गाईंनी माना वर केल्या. मग तिथंच बसून रडलो. डोकं शाबूत आहे म्हणून रडलो, आणि मग तुझ्यामुळं.

फाटक कुणाकडूनही उघडं राहतं. त्यासाठी मी तुला दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण चार आठवडे मी माझ्या स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवला नाही, आणि तुला एका ओळीत मला सोडवता आलं असतं.

एगिडला मी काही कळवणार नाही. कुणाला सांगायचं ते तुझं तू ठरव. तोवर पत्र टाकू नकोस.

क्विरिन


वेर्नटाल,
रविवार, २१ सप्टेंबर

चि. क्विरिन यास,

दोनशे पावलांवर राहणाऱ्या भावाला पत्र लिहायची वेळ मी स्वतःवर आणली. दार वाजवायची हिंमत नाही, म्हणून हे फटीतून सरकवते आहे.

आफ्राबाईला आणि एगिडला मी पाच तारखेलाच सांगितलं. आफ्राबाईनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी उरलेली कागदी फुलं खोक्यात भरून माझ्या पायरीवर ठेवून गेली. एगिड म्हणाला की हे फक्त आम्हाला सांगून भागणार नाही, कारण क्विरिनचं डोकं फिरलं हे सगळ्या गावानं ऐकलंय.

म्हणून काल तू यायच्या आधी मी चर्चपुढच्या बाकावर उभी राहिले. बसगाड्या आलेल्या होत्या, मुलं हातात वड्यांच्या पुड्या घेऊन कठड्यावर बसली होती. यंदा गाईंना फुलं नाहीत, आणि ती माझ्यामुळं नाहीत, असं सांगितलं. फाटक, अर्ध्या वाटेवर आठवलेलं, तुला लिहिलेलं खोटं, काही गाळलं नाही. लिंझचा तो बाप पांढराफटक पडला. त्याला म्हटलं, तुमचा दोष नाही, फाटकाचा नियम मला ठाऊक होता, तुम्हाला नव्हता. खानावळीतले लोक जमिनीकडं बघत होते. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग तू आलास. घंटांत गवत कोंबलेलं, एक आवाज नाही. एगिडनं टोपी काढली, मग सगळ्यांनी काढल्या. पाहुण्यांची मुलंसुद्धा कठड्यावरून उतरून उभी राहिली. तू माझ्यासमोरून गेलास आणि वळून बघितलं नाहीस. बरोबर केलंस.

एगिड सांगत होता की पुढच्या वर्षाचं तुला पुन्हा विचारणार आहे. माझ्यावरच्या रागापायी नाही म्हणू नकोस, एवढंच मागते.

बुर्गी


वेर्नटाल, पलीकडच्या आळीतून,
सोमवार, २२ सप्टेंबर

ती. बुर्गीताईस,

सा. न. वि. वि. एगिड काल रात्रीचं जेवण टाकून आला होता. मी हो म्हटलं. बाविसावा उन्हाळा वरच. तांबडी कालवड आफ्राबाईनं ठेवून घेतली. तुझ्याबद्दल मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.

राग आहे का, तर आहे. परवा तू चर्चपाशी उभी होतीस, तुझी मान खाली होती. माझ्या मनात आलं की थांबावं, पण पाय थांबले नाहीत. नंतर गोठ्यात त्याचंच वाईट वाटत राहिलं.

रविवारी जेवायला येईन. गप्पा मारता येतील की नाही ते माहीत नाही, पण येईन. तू पत्राच्या शेवटी लोभ मागितला नाहीस. तो मागू नकोस, तो आहे. विश्वास मात्र अजून नाही. आपल्याच ताईला हे लिहिताना मला लाज वाटते.

तुझा,
क्विरिन