शिवणीचा पाय

प्रिय भैरू,

माझे अक्षर बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. मुक्काम पुणे, शनिवार पेठ. हडपसरची शेती तुझी वहिनी कुसुम माझ्याहून बरी सांभाळते, म्हणून मी इथे सोनबा जीनगरांच्या दुकानात चामड्याचे काम शिकतो आहे. हस, पोटभर हस!

तोफेच्या गोळ्याने माझा उजवा पाय गुडघ्याखाली नेला आणि तू मला तुझ्या घोड्यावर घालून छावणीत आणलेस, त्यानंतरचे तुला काही ठाऊक नाही. मी कोणाला भेटतच नव्हतो. कुसुम ताट आणी, मी तोंड फिरवी. शेवटी तिने मला बैलगाडीत घातले, सोनबांच्या ओट्यावर आणून उतरवले आणि त्यांना सांगितले, यांचे हात शाबूत आहेत, कामाला लावा.

सोनबांच्या पत्नी सरुबाई यांची जीभ त्यांच्या आरीहून टोकदार. पहिल्याच दिवशी त्यांनी बकऱ्याचे कमावलेले कातडे माझ्या हाती दिले. एक अंग गुळगुळीत, दुसरे घासून घासून लव आणलेले. हात उलटा फिरवला की रंग गडद, सुलटा फिरवला की फिका. मी फिरवतच बसलो. कुरवाळून झाले असेल तर आता कापायला घ्या, म्हणाल्या!

पहिली शिवली ती तंबाखूची चंची. सगळा तंबाखू टाक्यांतून गळाला. मग सुरीचे म्यान. लाकडाच्या दोन पट्ट्या आतून कोरायच्या, जोडायच्या आणि वर कातडे सरसाने चिकटवायचे. माझा सरस पातळ झाला, फटीतून आत ओघळला, आणि सुरी आत गेली ती आजतागायत बाहेर आलेली नाही. सोनबांनी म्यान उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, उत्तम, चोराने नेली तरी धास्ती नाही. भैरू, कित्येक महिन्यांनी मी मोठ्याने हसलो ते त्या दिवशी.

एकदा धीर करून विचारले, याच लाकूड-कातड्याचा पाय होईल का? सोनबा म्हणाले, उद्या शिवण घेऊन या. मी सुई, दोरा, मेण सगळे घेऊन हजर! दुकानात हसून हसून पुरेवाट झाली. शिवण म्हणजे झाड रे. लाकूड हलके आणि सहसा न तडकणारे. त्याचा ओंडका आणून गुडघ्याखालच्या थोटासाठी मी स्वतः वाटीसारखी खोबण कोरली. आत कातडे लावले, पण गुळगुळीत अंग वर ठेवून. दोन पावलांत पाय निसटला आणि मी चुलीपाशी आडवा. सरुबाई म्हणाल्या, लव वर घ्या, ती धरून ठेवते. तशी घेतली, तर कातड्याला एक बारीक सुरकुती राहिली आणि थोटाच्या कातडीवर फोड उठले. उचकटले, पुन्हा चिकटवले. कितीदा, ते विचारू नकोस. आणि एके सकाळी पाय बसला. घट्ट, मऊ, जणू कोणी ओंजळीत धरला आहे.

तसाच शनिवारवाड्यापुढच्या बाजारात गेलो. मेथीच्या ढिगापुढे नुसता उभा राहिलो, उभे राहण्याचाच आनंद! तेवढ्यात भाजीवाली खेकसली, घ्यायची नसेल तर बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय. पाय गेल्यापासून माझ्यावर कोणी असे खेकसले नव्हते. सगळे कसे हळू, जपून बोलत. मी तिची सगळी मेथी घेतली.

परवा सासवडहून तुझा धाकटा भाऊ मच्छिंद्र आला. कर्नाटकच्या स्वारीत तुझा डावा पाय गेल्याचे त्याने सांगितले. जखम भरली, पण तू भिंतीकडे तोंड करून पडतोस, मंदाकिनीवहिनींना माहेरी जा म्हणतोस, हेही सांगितले. वहिनींना कुठेही पाठवू नकोस. उद्या सकाळी मच्छिंद्र हे पत्र घेऊन पुढे येतो आहे, मागोमाग मी गाडीने निघतो. मापाची दोरी, सरुबाईंनी निवडलेले कातडे आणि शिवणीचा कोरा ओंडका बरोबर आणतो. गाडी वेशीपाशीच सोडीन आणि तुझ्या दारापर्यंत चालत येईन. डोळे मिटून पडलास तरी तुला ऐकू येईल: एक पाऊल मऊ, एक पाऊल टक्क.

तुझाच,
सर्जेराव