इथली ओहोटी की हर्णैची

सिद्धेश,

मी शेजारच्या प्रमिलाताईंच्या गाडीतून हॉस्पिटलमध्ये बाबांकडे जाते आहे. डाळ-भात फ्रीजमध्ये आहे, नैना शाळेतून आली की तिला गरम करून दे. भाजीसाठी आयसेलिनच्या देशी दुकानात जाऊ नकोस, पालक आहे.

काल बाबांनी डोळे उघडून विचारलं, "पाणी भरतंय का गं?" नैनाने बिचारीने लगेच ग्लास पुढे केला. ते भरतीचं विचारत होते.

हर्णैला आपलं घर चंद्रावर चालायचं. भरती रोज थोडी उशिरा यायची, तशी माझी चूलही रोज थोडी उशिरा पेटायची. अष्टमीला भरती लहान, त्या भांगाला पाण्याला ओढ नसते, जाळं टाकून उपयोग नसतो, म्हणून तेव्हा बाबा घरी असायचे. त्याच दिवसांत त्यांनी मला अक्षरं शिकवली. तू शाळेत जायला लागला होतास आणि माझ्या 'भ'ला हसायचास.

माणूस ओहोटीबरोबर जातो, हे तू लहानपणापासून ऐकलं आहेस. डॉक्टर काय म्हणाले तेही तुला माहीत आहे. ओहोटीच्या वेळी मला त्यांचा हात धरून बसायचं आहे. तेवढी वेळ फोनवर बघून मला कळव. पण इथल्या किनाऱ्याची नको, हर्णैची बघ. इथला समुद्र त्यांनी कधी पाहिलाच नाही. नेतो नेतो म्हणालास, राहून गेलं. असू दे.

आई