नंदू सरळ पायांनी चालली, त्याची हकीकत

विश्रामबाग, सांगली
गुरुवार, दुपार

ती. अर्जुनादादा यांस,
धाकट्या आक्काताईचा सप्रेम जय भीम.

तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि दारातली शेळी, तिघांचंही बरं चाललं असेल असं धरून चालते. (शेळीचं नाव वहिनींच्या पाठोपाठ आलं, त्यात काही वाकडं नाही, ती गाभण आहे म्हणून चौकशी.) मी ठणठणीत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य संपायच्या आत "तुला कुणी सांगितलं होतं गं हे करायला?" असं विचारता आणि पुढची सगळी हकीकत घशातच राहते. पत्राला ती भीती नाही. तेव्हा चष्मा लावा, निवांत बसा, आणि आधी शेवटचं पान बघायची तुमची खोड आजच्या दिवस आवरा.

तर दादा, माझ्या वरच्या मजल्यावरची नंदू चालली! काल संध्याकाळी, माझ्या डोळ्यांदेखत, दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकवून, एखाद्या फौजदारासारखी चालली. मी टाळ्या वाजवल्या, शिट्टी वाजवली (निवृत्तीनंतरही शिट्टी माझ्याकडेच आहे, एसटी महामंडळाला कळवू नका), समोरच्या बंगल्यातली माणसं गॅलरीत आली. पण हे तुम्हाला असं सांगून कळायचं नाही, मुळापासून सांगते.

वर भाड्यानं राहणारं जोडपं तुम्ही पाहिलंय, साईराज आणि अक्षता. तो इथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत आहे, पोरगी कोरेगावकडची. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली, राजनंदिनी. बारशाला मला बोलावलं, मी पेढा खाल्ला, बाळाचा चेहरा पाहिला, पाय काही पाहिले नाहीत, कारण पाय दुपट्यात घट्ट बांधलेले. पुढं एकदा पाण्याची मोटर कुणी चालू ठेवली म्हणून भांडायला वर गेले, तर ऐन उन्हाळ्यात पोरीच्या पायात लोकरी मोजे! मी न विचारता मोजे काढले. (तुम्ही आत्ता जे म्हणालात ते मला ऐकू आलं.) दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे समोरासमोर, जणू एकमेकांशी काही कुजबुजताहेत. अक्षतानं चटकन दुपटं ओढलं आणि रडायलाच लागली.

तिचं रडणं पायांपेक्षा रंगूबाईंमुळं जास्त होतं. रंगूबाई म्हणजे साईराजची मावशी. आई लहानपणीच गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं, त्यामुळं घरात त्यांचा शब्द अखेरचा. बाळंतपणाला म्हणून आल्या त्या गेल्याच नव्हत्या. त्यांनी पाय बघितल्या दिवशीच निकाल दिला होता : "पोटुशी आसताना ग्रहणात पाय दुमडून झोपली व्हती ही. मग दुसरं काय व्हनार?" आणि अक्षता, शिकलेली पोरगी, पण महिनोन्‌महिने तेच ऐकून तिलाही वाटायला लागलं होतं की आपणच लेकराचे पाय वाकडे केले. साईराजची तऱ्हा वेगळी. तो रोज मोबाईलवर काहीतरी वाचायचा, घाबरायचा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी वाचायचा. एका डॉक्टरनं वर्षभर थांबा म्हणून सांगितलेलं, त्यावर तो हातपाय गाळून थांबला होता.

मी म्हटलं, थांबायचं ते स्टँडवर, लेकराच्या बाबतीत नाही. लस द्यायच्या दिवशी अक्षताबरोबर आरोग्य केंद्रात गेले, तिथल्या सिस्टरला मोजे काढून दाखवले. ती म्हणाली, सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी याच पायांसाठी बाळं येतात, प्लास्टर घालून पाय सरळ करतात, जेवढं लवकर तेवढं चांगलं, आणि लहान मुलांच्या योजनेत सगळं फुकट होतं. एवढं सरळ होतं, दादा! फक्त कुणीतरी मोजे काढायचे होते.

मंगळवारी आम्ही गेलो. आता दवाखान्यात कुठं जायचं हे मला ठाऊक नव्हतं, पण इतकी वर्षं कंडक्टरकी केलेल्या बाईनं कुणाला विचारायचं म्हणजे काय! सगळ्यात मोठी गर्दी दिसली तिथं साईराज-अक्षताला उभं केलं. रांग वाकडीतिकडी होती, ती सरळ केली. मधे घुसणाऱ्यांना मागं धाडलं, म्हाताऱ्यांना बाकावर बसवलं, एका आजोबांनी तर मला विट्याचं अर्धं तिकीट मागितलं. आमचा नंबर आला तेव्हा आतल्या डॉक्टरांनी नंदूच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तो डोळ्यांचा विभाग होता. (साईराज हसला नाही, हे त्याचे संस्कार. अक्षता हसली, पहिल्यांदाच.)

योग्य खोलीत पोचलो तिथं एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी पाऊल हातात घेऊन हळूहळू असं फिरवलं की नंदू त्यांच्याकडं बघतच राहिली. दर आठवड्याला पाऊल थोडं वळवायचं, प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात काढून आणखी थोडं. शेवटी टाचेमागची शीर जराशी सैल करायची आणि मग खास बूट. पहिल्या प्लास्टरला साईराजनं गुडघा धरायचा ठरलं. ओली पट्टी बघितली आणि तो सावकाश जमिनीवर गेला. खोलीतली निम्मी माणसं बापाला सावरायला धावली. मग गुडघा मी धरला. नंदूनं भोकाड पसरलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, गाणं म्हणा. मला एक अंगाईगीत येत असेल तर शपथ! तोंडाला आले ते सातारा गाडीचे थांबे म्हटले : आष्टा, इस्लामपूर, पेठनाका, कासेगाव, कराड, उंब्रज, नागठाणे, सातारा. पोरगी गप्प! पुढं दर मंगळवारी हाच कार्यक्रम. डॉक्टरीणबाईसुद्धा हात न थांबवता विचारायच्या, "आजी, कराड गेलं का?"

पाय वळायला लागले होते, आणि तेवढ्यात घात झाला. एक दिवस मी बाजारातून आले तर वर बादलीत कोमट पाणी, पाण्यात विरघळलेलं प्लास्टर, आणि रंगूबाई मांडीवर लेकरू घेऊन पायांना तेल चोळताहेत. "लय रडत व्हतं लेकरू. मला बघवंना," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या, खोटं नाही सांगत. माझी जीभ सुटणारच होती, पण आंघोळ करून अक्षता बाहेर आली. तिनं बादली बघितली, पाय बघितले. पावलं पुन्हा आत वळायला निघाली होती. जी पोरगी इतके महिने मान खाली घालून होती, ती म्हणाली, "मावशी, लेकरू माझं हाय. इथनं फुडं माझ्याबिगर तिच्या पायाला कुनी हात लावायचा न्हाई. आणि आता उठा, तुमीबी चला दवाखान्यात."

तो मंगळवार नव्हता. दारावरचा माणूस म्हणाला, आज ओपीडी नाही. मी पदर खोचला. पण अक्षतानं मला मागं सारलं (हो, मला!) आणि त्याला शांतपणे, एकही शब्द न गाळता सांगितलं : बाळाचे पाय असे होते, प्लास्टर असं चाललंय, ते आज निघालं, उशीर झाला तर पाय परत वळतील, डॉक्टरांना एवढं कळवा. त्यानं कळवलं. पाच मिनिटांत आम्ही आत. माझा पदर उगाच खोचलेला राहिला, दादा. जरा वाईटही वाटलं, पण छाती फुगली ती जास्त.

प्लास्टर घालून झाल्यावर अक्षतानं मावशींच्या समोरच विचारलं, "मॅडम, ग्रहनात पाय दुमडून झोपलं म्हनून असं होतं का?" डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "नाही. ग्रहणानं नाही, झोपल्यानं नाही, तुमच्या कशानंच नाही. तुमची काहीएक चूक नाही." अक्षता ढसाढसा रडली. साईराजनं भर दवाखान्यात बायकोचा हात धरला. परतताना रिक्षात रंगूबाई म्हणाल्या, "माजंच चुकलं, पोरी. उगा बोलत ऱ्हायले तुला." आणि दादा, त्या दिवसापासून असा कडक पहारा! मधे दांडी असलेले बूट आले, ते नंदूनं झोपेत घालायचे. काढायचा विचारसुद्धा साईराजच्या मनात आला की रंगूबाईंना कळायचं. गल्लीत कुणी "अगंबाई, असे कसले बूट?" म्हटलं की त्या पदराला हात पुसत भाषण द्यायच्या, प्लास्टरपासून शिरेपर्यंत.

आणि काल नंदू चालली. सोफ्यापासून दारापर्यंत. लोकांची पोरं चालतात, त्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. वाटो. आम्ही चौघंही रडलो आणि मग मटण केलं.

वहिनींना नमस्कार. शेळीला गूळ.

तुमची,
आक्काताई

ता. क. : नंदू चालली ती माझ्याकडं नव्हे. मी हात पसरून, थांबे म्हणत बसले होते. ती मला वळसा घालून रंगूबाईंकडं गेली. असो.

ता. क. २ : खरं कारण आता लिहिते. मागं तुमच्याकडं आले होते तेव्हा मेंढरंवाल्या कोंडीबाची सून राणी तान्ह्या पोराला घेऊन तुमच्या दारावरून गेली. वाऱ्यानं घोंगडं सरकलं, मला पाय दिसले. तसेच. मी हाक मारेपर्यंत तिनं झाकले आणि चालू पडली. दादा, तुम्हाला कोंडीबा मानतो. आजच त्याच्या वाड्यावर जा. डॉक्टरीणबाईंना मी मंगळवारी राणीच्या पोराला घेऊन येतो म्हणून सांगून बसलेय.

ता. क. ३ : राणीशी बोलायला बाईमाणूस हवं, आणि जिनं स्वतः ग्रहणाचं खूळ धरलं आणि सोडलं तिच्याइतकं चांगलं ते कोण सांगणार? म्हणून हे पत्र ज्या बाईंनी तुमच्या हातात दिलं आणि ज्या आत्ता तुमच्यासमोर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आहेत, त्या रंगूबाई. मंगळवारपर्यंत त्यांची सोय करावी. वाचता येत नाही असं त्या सांगतात, पण मला खात्री नाही, म्हणून चेहरा हसरा ठेवा आणि वहिनींना चहा टाकायला सांगा.