बोलून घातलेलं मीठ

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातीला तुमचा चेहरा आता फोटोतलाच आठवतो. सून सासूला असं लिहीत बसत नाही. पण गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे, माहेरी सांगून कुणाला कळायची नाही, म्हणून तुम्हालाच लिहितेय. गेल्या वर्षीच्या हिशोबाच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया का घालवा.

तुमची नात विमानात वैमानिक आहे. म्हणजे मुख्य वैमानिक दुसरे, ही त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. तिला नोकरी लागली तेव्हा मी इथे डोंबिवलीत अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. मोजून नाही, परात घेऊन. आता ती घरी बसून आहे, आणि शेजारीण विचारते तेव्हा मी सांगते, नवरात्राची रजा काढलीय. आत घट बसलेले, अखंड दिवा तेवतोय, आणि मी उंबऱ्यात उभी राहून खोटं बोलते.

झालं ते असं. विमान उडायच्या आधी खालून, विमानतळाच्या मनोऱ्यातून, सांगतात, कुठल्या उंचीपर्यंत चढून थांबायचं. तो आकडा एकाने समोरच्या यंत्रावर लावायचा आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बोट करून मोठ्याने म्हणायचा, अशी रीत आहे. त्या दिवशी आधी सात हजार फूट सांगितलं होतं. मग निघता निघता बदलून पाच हजार केलं, वरच्या वाटेने दुसरं विमान यायचं होतं म्हणून. हिने ते ऐकलं, खालच्यांना परत म्हणूनही दाखवलं. मुख्य वैमानिक साहेबांचा हात मात्र दुसऱ्याच कुठल्या बटणावर होता, यंत्रावर सातच राहिले. हिला ते दिसलं. तरी वाटलं, इतक्या वर्षांचा माणूस, त्यांनी काही ऐकलं असेल जे मी ऐकलं नाही. आणि चूक बोलून दाखवली नाही. विमान पाच हजार ओलांडून वर गेलं, खालून ओरडा आला, तेव्हा कुठे परत खाली घेतलं. दुसरं विमान लांब होतं. कुणाला खरचटलंही नाही, बसलेल्या माणसांना तर कळलंही नाही. पण दोघांनाही घरी बसवलं आणि चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्यासमोर मेथी निवडत बसली होती. हलक्या आवाजात म्हणाली, "मी बघितलेलं, आई. बोट पण केलेलं त्या आकड्याकडे, आणि बरोबर आहे म्हणून टाकलं." मग का नाही बोललीस, मी विचारलं. "सर मला बेटा म्हणतात ना. बेटा म्हटलं की पुढे तोंडच उघडत नाही."

आणि आई, मी काय सांगितलं ठाऊक आहे? दिव्याकडे पाठ करून सांगितलं, "उद्या म्हण, घाईत नजर गेली नाही. न बघणं ही चूक असते, बघून गप्प बसणं म्हणजे गुन्हा." ती काड्या बाजूला करत राहिली. "म्हणून तर सांगायचंय. नजर गेली नाही म्हटलं, तर मला नीट बघायला शिकवतील. बघता मला येतं." कायमचं काढलं तर, मी म्हटलं. "तर काढतील," ती म्हणाली. बोलायला तिला कुणी शिकवलं नाही, हे काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

कारण मला तुम्ही शिकवलं होतं. टेंभी नाक्याच्या आपल्या जुन्या घरातली माझी पहिली अष्टमी. बाहेर देवीचे ढोल, आत पुरणावरणाचा स्वयंपाक, आणि नैवेद्याआधी काही चाखायचं नाही. तुम्ही कटाच्या आमटीत मीठ घालून तुमच्या बहिणीशी, मावशींशी, बोलायला वळता, परत येता आणि पुन्हा डब्यात हात घालता. मी पुरण वाटता वाटता कशीबशी म्हणते, आई, घातलंय. मावशी हसतात, "आली बाई सासूला शिकवायला." तुम्ही डब्याचं झाकण लावता आणि मावशींना म्हणता, "शिकवत नाहीये, सांगतेय. चाखता येत नाही, तर एकमेकींना सांगायला नको?" त्या दिवसापासून आपल्या घरात मीठ बोलून घालायचं. तुम्ही म्हणायचात, घातलं. मी म्हणायचे, घातलं, बघितलं.

तुमच्यामागे मी एकटीच करू लागले आणि बोलणं सुटलं. पोर शाळेत होती. अशाच एका अष्टमीला, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, तिने मला टोकलं, "मीठ दोनदा झालं." मी तिच्या दंडाला चिमटा काढला. मोठ्यांच्या हाताकडे बघत बसायचं नसतं, म्हटलं. त्या वर्षी देवीपुढे खारट आमटी गेली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली, आणि तिनेही.

चौकशीत तिने सगळं आहे तसं सांगितलं. परत आली ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. पुन्हा उडवायला देतात की नाही, ते अजून कळवलेलं नाही. फोन वाजला की मी हातातलं सोडते, ती सोडत नाही.

आज अष्टमी. सकाळी ती माझ्याशेजारी पोळ्या लाटत होती. मी डब्यात हात घातला, तशी लाटणं थांबवून म्हणाली, "आई, घातलंयस तू. मघाशीच." मी हात काढला. म्हटलं, घातलं. ती म्हणाली, बघितलं. आपली रीत तिला कुठून कळली कोण जाणे, की तिची ती विमानातलीच. नैवेद्य झाला, आमटी बरोबर होती.

हे कुठे पाठवायचं नाहीये. पाठवायचं असतं तर इथेच थांबले असते. सकाळी तिने टोकलं तेव्हा, आई, मला आधी रागच आला. तिच्या दंडाकडे जाणारा हात मी पदराला पुसला.