ह्यांच्या वाटणीचा घास

मंगळवार, ५ नोव्हेंबर

पाणीसुद्धा बंद! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तोंडानं काहीच नाही, जे काय ते पोटातल्या नळीतून. आणि हे कोण? तर जन्मभर जिभेचे चोचले पुरवलेला माणूस. सोफ्याच्या गाद्या भरतानाही गालात काहीतरी असायचंच. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. इथे दात धड आहेत, घसाच गेला.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दिवस मावळताना शब्बाथचा, आम्हा यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावला. हे घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आता तू खा. माझ्यासमोर बसून खा. ब्राखा मोठ्यानं म्हण, मी आमेन म्हणतो. म्हणजे मलाही पोचलं."

खाण्याआधी ब्राखा म्हणून देवाचे आभार मानायचे, नाहीतर ते खाणं म्हणजे चोरी – हे ह्यांच्या घरचं बाळकडू. आणि दुसरं लाडकं वाक्य – "वर गेल्यावर विचारतील, एवढी फळं तुझ्यासाठी पिकवली, चाखली का नाहीस?"

द्राक्षं खाल्ली. "कशी आहेत?" "गोड."

खोटं! दोन महिने झाले, माझ्या तोंडाला चव नाही. द्राक्ष काय नि माती काय. मग आभार मानले ते कशाचे? सुखाचे मानायचे, आणि सुख तर झालंच नाही. देवालाही फसवलं, ह्यांनाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

गिऱ्हाइकाच्या पँटची उंची कमी केली. दोन पाय दोन लांबीचे झाले. उसवलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज नासपती. "सालीजवळ कशी लागते? नि आत?" रंगवून सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. आमेन म्हणताना ठसका लागला, रक्त आलं.

नणंद स्वयंपाकघरात माझ्यावर तुटून पडली – "उपाशी माणसासमोर चवीनं खातेस? लाज कशी वाटत नाही?" चवीनं! हसूच आलं. मग रडले. खरंच चव लागत असती, तर निदान शिव्या तरी हक्काच्या झाल्या असत्या.

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रार्थना चालवणारे हझ्झान ह्यांना भेटून गेले. दाराशी गाठून विचारलं, चव नसताना म्हटलेली ब्राखा चालते का? म्हातारा बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. "पोट भरतं ना बाई? मग चालते."

चालते म्हणे! मला नियम नको होता. चव हवी होती.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

"गोड?" "गोड."

ह्यांनी हात धरला. "अगं, चाळीस वर्षं झाली. खोटं बोलताना तू कान खाजवतेस."

मी दुसरी फोड उचलली.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. तरी आमेन म्हणतोय. एकदा तरी खरंच चाखून दाखव गं. मी असेपर्यंत."

जीव तोडून चावलं. काही नाही. काहीच नाही! हे वाट बघून बघून थकले, झोपले. मेले जिभे, तुला काय धाड भरलीय?

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सकाळी आठला गेले.

दफन दुपारी. तोवर बायकोला प्रार्थना नाही, ब्राखा नाही – नियमच आहे. नणंदेनं पावाचा तुकडा हातात कोंबला. "खा वहिनी, उभं राहायचंय तुला." आभार न मानता तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदा.

कड करपलेली. आत मऊ, किंचित आंबट, कुठेतरी मिठाचा खडा. सगळं लागलं! सगळं!

थांबता येईना. दुसरा तुकडा मागून घेतला.