मोठीबाई आधी मेली

३ नवंबर १९५७, कुरखेडा

हो बाई, एकटीच राह्यन मी इथी. भेव कायचं? शेजारच्या गुनाबाईले बैलगाडीतून उतरल्याबरोबर असंच सांगतलं. आजवर आरमोरीच्या खोलीत सवत बनून राह्यली, आता मालकीन बनून पाह्यन. घर मस्त आहे. सागाचे खांब, मांगं धानाची बांधी. मोठीबाईच्या, माह्या सवतीच्या, पलंगावर पाय ताणून झोपली. म्हनलं, जळ आता तू.

५ नवंबर

मालकानं मरताना कोनताच कागद केला नाई. वकील म्हने, नव्या कायद्यानं पोरीले आर्धं, बायकोले आर्धं. मोठीबाई मालकाच्या आधी मेली, म्हनून बायकोचे आठ आने माह्ये एकटीचे. मागून मेली असती तर त्यातले चार आने तिचे, म्हंजे तिच्या पोरीचे, वच्छलेचे. पोळ्याच्या हैज्याच्या साथीत दोघंबी एकाच दिशी गेले. जवळ मी एकटीच होती, आरमोरीवून सेवेले आलेली.

वच्छला म्हने, "लहानमाय, खरं सांग व."

म्हनलं, "तुही माय सवासीन गेली, बाई. हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. साऱ्या गावानं पाह्यलं."

गुनाबाई डोळे पुसे. काय नशीब म्हने मोठीचं. मालकबी शेवटी तिलेच हाका मारत होते. माह्यं नाव नाई घेतलं.

८ नवंबर

सकाळी उंबऱ्यावर हिरव्या बांगड्यायचे तुकडे. रांडमुंड बाईच्या घरात बांगड्या कोनाच्या? गुनाबाईले इचारलं, नवऱ्यानं फोडल्या का व तुह्या? तिनं हात पुढं केले. भरलेले. हासली नाई.

९ नवंबर

झाडून टाकले. दुपारी पुन्हा, चुलीपाशी. आवाज आयकला मी. नवरा मेल्यावर बाया हात आपटते तसा.

म्हनलं, मोठीबाई, तू सवासीन मेली ना? मंग कायले फोडतं?

आवाज थांबला नाई.

११ नवंबर

पेटीतल्या तिच्या लुगड्याच्या पदराले कुंकू. पुसलेलं. ओलं— आजचं.

उद्या वच्छला पंचायले घेऊन येते. माह्या जबानीसाठी. फक्त जबानी द्याची, अन् आठ आने—

१२ नवंबर

माह्या हातात बांगड्या. निघत नाई. दिसत कोनीच नाई, पन मनगट धरते, बोटं दाबते— एक एक चढवते—

बाहेर वच्छला हाका मारून राह्यली. तोंडून आवाज नाई निघत. लिवता येते अजून—

सोड, मोठीबाई. मालक आधी मेले. तू मागून. पानी मांगत होती तू, म्या बांगड्या भरल्या. तिरडीवर बांधली तवाबी तू जित्ती हो—